सहजीवनाची साक्ष
(अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया येथील महिला सत्रात केलेले भाषण)



"दिवंगत पतीच्या आठवणी" असा विषय संयोजकांनी आम्हांला दिला आणि त्यातही सैन्यातून निवृत्त झालेल्या, नाना छंदांत रमणाऱ्या पतीचे स्मरण कसे करावे, याविषयी बोलावे असे सुचविले. या सभागृहात अशा काही भगिनी बसल्या आहेत की ज्यांच्या यजमानांनी आयुष्याची पंधरा-वीस वर्षे पलटणीत काढली आणि आज ज्यांची तसबीर भिंतीवर आहे. त्यांच्या घरातले दुःख व्यासपीठावरून मांडण्याचा अधिकार आम्हांस नाही. म्हणून आम्ही एका अशा सहधर्मचारिणीचे उदाहरण आपल्यापुढे ठेवणार आहोत, की जिने आपल्या दिवंगत पतीच्या आठवणी लिहिल्या आणि त्या लिहिल्यामुळेच एका महामानवाचे घरगुती जीवन आपणांस कळले. ती स्त्री आमच्याच व्यवसायातली होती, हे या उदाहरणाचे आणखी एक कारण. आम्ही बोलत आहोत ते डॉ. सविता ऊर्फ माईसाहेब आंबेडकर यांच्याविषयी.

माईसाहेबांचे माहेरचे नाव शारदा कबीर. जन्म २७ जानेवारी १९०९. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी एम. बी. बी. एस. ही पदवी घेतली. ज्या काळी सुशिक्षित घरांतही मुलीला मॅट्रिकपुढे शिकविणे म्हणजे धाडस समजले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे गिरगावात डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे त्या काम करीत. परमपूज्य बाबासाहेबांशी त्यांची ओळख १९४७ साली झाली. त्याच वर्षी बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री झाले, घटनेच्या मसुद्याचे काम शिरावर आले आणि देह मात्र साथ सोडू पाहत होता. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, त्यांच्या निवासस्थानी, नोंदणी पद्धतीने उभयतांचा विवाह झाला. बाबासाहेब सत्तावन्न वर्षांचे, माईसाहेब एकोणचाळीस वर्षांच्या. शारदेची सविता झाली, पण बाबासाहेब मात्र त्यांना "शारू" म्हणूनच हाक मारीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणजे हे सहजीवन आठ वर्षे आणि जेमतेम आठ महिने एवढेच होते. त्यापुढचे वैधव्य मात्र शेहेचाळीस वर्षांचे. २९ मे २००३ रोजी मुंबईत, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, माईसाहेबांचे निधन झाले.

डॉक्टर म्हणून आम्हांला त्या आठ वर्षांकडे पाहताना काय दिसते, ते प्रथम सांगतो. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, सांधेदुखी होती आणि पायांच्या मज्जातंतूंना सूज येऊन असह्य वेदना होत. आज आपल्या घरी मधुमेह असलेला वडीलधारा माणूस बोटाला सुई टोचतो आणि क्षणात रक्तातली साखर पाहतो. १९४८ साली घरी बसून असे यंत्र वापरण्याची सोय नव्हती. लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून उकळावी लागे. रंग निळाच राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा झाला तर सावध व्हायचे आणि विटकरी झाला तर साखर फार वाढली असे समजायचे. एवढ्या अंदाजावर इन्सुलिनची मात्रा ठरवायची. रुग्ण रात्र-रात्र वाचीत, लिहीत बसणारा, जेवणाची वेळ चुकविणारा आणि कोणाचे सहजी न ऐकणारा असला, तर ती शुश्रूषा किती कठीण असेल, हे या सभागृहातल्या ज्या भगिनींनी आजारी यजमानांचे पथ्य सांभाळले आहे त्यांना सांगावयास नको. त्याच वर्षांत घटना पूर्ण झाली, हिंदू कोड बिलाचा झगडा झाला, "बुद्ध आणि त्याचा धम्म" हा ग्रंथ लिहून झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मक्रांती झाली. माईसाहेबांनीही बाबासाहेबांसमवेत त्याच दिवशी पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेतली.

परंतु आजचा आमचा विषय केवळ शुश्रूषा हा नाही. माईसाहेबांचे "डॉ. आंबेडकरांच्या सहवासात" हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यात राजकारण आहे, धर्मांतर आहे, बाबासाहेबांनी विवाहापूर्वी लिहिलेली पत्रे आहेत. आणि त्यात घरातला माणूस आहे. ग्रंथांवर जिवापाड प्रेम करणारे बाबासाहेब आपणांस ठाऊक होतेच. ग्रंथांसाठी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत "राजगृह" बांधले. १९१३ साली न्यूयॉर्कला आलेला हा विद्यार्थी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पोटाला चिमटा घेऊन पैसे खर्च करीत असे, हेही आपण वाचलेले असते. पण उतारवयात व्हायोलिन शिकण्यास बसलेले बाबासाहेब, चित्रकलेचे धडे घेणारे बाबासाहेब, बंगल्याभोवती आवडीने बाग फुलविणारे, कुत्र्यांचा लळा असलेले, उंची फाउंटन पेनांचा शौक बाळगणारे, नीटनेटक्या सुटाची आवड असलेले आणि लहर लागली की स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पदार्थ रांधणारे बाबासाहेब आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? ही माहिती पुतळ्यावरून मिळत नाही आणि घटना परिषदेच्या कामकाजाच्या खंडांतूनही मिळत नाही. ती ज्याने त्यांच्याबरोबर संसार केला, सेवा केली, पंगतीला बसून अन्न खाल्ले, त्याच्याकडूनच मिळते. पुण्यास सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिसचे डॉ. आंबेडकर वस्तुसंग्रहालय आहे. माईसाहेबांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू त्यांनी तेथे सुपूर्द केल्या. तेथे काचेआड ते व्हायोलिन आजही पाहावयास मिळते. सुटीत मुलांना घेऊन मायदेशी जाल तेव्हा ते अवश्य दाखवा.

कोणी म्हणेल, "छंदांचे एवढे कौतुक कशास? बाबासाहेबांचे कार्य मोठे, व्हायोलिन काय कोणीही वाजवितो." आमच्या मते येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या समाजात आपण जन्मलो त्या समाजाला फुरसत हा शब्दच माहीत नव्हता. गावकीची कामे, सांगावा पोचविणे, मेलेले ढोर ओढणे, यांतून उरलेला वेळ पोटामागे जाई. वाद्य वाजवायचे तर ते दुसऱ्याच्या लग्नात आणि दुसऱ्याच्या जत्रेत, हक्काच्या मोबदल्यात. स्वतःच्या मनासाठी वाद्य हाती घ्यावे, ही कल्पनाच नव्हती. झाड लावायचे तर स्वतःची जमीन हवी. पुस्तक वाचायचे तर अक्षर शिकण्याची मुभा हवी. स्वच्छ, चांगला पोशाख केला म्हणून माणसाला मारहाण होई. बाबासाहेबांच्या प्रत्येक छंदामागे अशी एकेक बंदी उभी होती आणि तो छंद करता करता ती मोडली जात होती. कोणाचा हुकूम नसताना, कोणाला दाखवायचे नसताना, केवळ आपल्याला आवडते म्हणून एखादी गोष्ट करणे हे स्वतंत्र माणसाचे लक्षण आहे. म्हणून आपल्या घरातील दिवंगत माणसाचा छंद ही क्षुल्लक गोष्ट समजू नये.

आता पलटणीकडे वळतो. बाबासाहेबांच्या घरातच एक निवृत्त सैनिक होता. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यातल्या शाळेत शिक्षक होते, चौदा वर्षे मुख्याध्यापक होते आणि महू येथे असतानाच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. रामजी कबीरपंथी होते. पहाटे भजन आणि संतवचनांचे पठण हा घरचा नेम होता. गणितात आणि इंग्रजीत त्यांची गती होती. क्रिकेट आणि फुटबॉल यांची त्यांना आवड होती. इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज करण्याच्या कामी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले. निवृत्तीनंतर हाती पैसा नसताना मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी लग्न झालेल्या मुलींकडून उसने पैसे घ्यायचे, नाही तर त्यांचे दागिने गहाण ठेवायचे आणि पेन्शन आले की सोडवून द्यायचे, असा या निवृत्त सुभेदाराचा क्रम होता. बाबासाहेबांचे ग्रंथवेड कोठून आले, याचे उत्तर येथे आहे. वडिलांच्या छंदातून मुलाचे व्यसन आणि मुलाच्या व्यसनातून एका समाजाचे भवितव्य घडले.

रामजींविषयी हे आपणांस कळले, कारण मुलाने पुढे आठवणी सांगितल्या. त्यांची सहधर्मचारिणी भीमाबाई मुलगा लहान असतानाच निवर्तली. ती जगती आणि लिहू शकती, तर महूच्या छावणीतल्या त्या घराविषयी आणखी किती कळले असते! माता रमाईही २७ मे १९३५ रोजी आपल्यातून गेल्या. परदेशी गेलेल्या पतीच्या संसाराचा भार त्यांनी कसा वाहिला, हे आपण आदराने सांगतो. पण त्यांच्या स्वतःच्या शब्दांतली वही आपल्याजवळ नाही. दोन पिढ्यांतल्या दोन स्त्रियांचे मौन आणि त्यानंतर माईसाहेबांचे एक पुस्तक, असा हा हिशेब आहे.

आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकजण महार रेजिमेंटचे आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेबांनी सतत लावून धरल्यानंतर, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभारण्यात आली. "यश सिद्धि" हे तिचे ब्रीद. याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७ च्या लढाईतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे झाले पलटणीचे नाव. पण पलटणीतून घरी परतलेला जवान किंवा हवालदार निवृत्तीनंतर काय करीत होता? कोणी हार्मोनियम दुरुस्त करी, कोणी बुद्धविहारात मुलांना लेझीम शिकवी, कोणी जुनी रेडिओयंत्रे उघडून बसे, कोणी टपाल तिकिटे जमवी, कोणी छावणीत शिकलेली पाककृती रविवारी सर्वांना खाऊ घाली. पुण्याजवळ देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती वस्ती लष्करी डेपोच्या आसऱ्याने वाढलेली. अशा वस्त्यांचा खरा इतिहास अशाच माणसांच्या हातांनी घडला. त्यांच्या सेवापुस्तिकेत भरतीची तारीख आहे, बदल्या आहेत, पदके आहेत. हार्मोनियमची नोंद तीत नाही. ती फक्त पत्नीच्या मनात आहे.

आता एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तिच्यावाचून हा विषय अपुरा राहील. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशय घेण्यात आला. सरकारी चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिक होता असाच तिचा निष्कर्ष निघाला. तरीही कुजबुज थांबली नाही. पतीच्या निधनाचा शोक करण्याची मोकळीकही त्या स्त्रीला मिळाली नाही. वस्तुतः बाबासाहेबांनी स्वतःच या बाबतीत लेखी साक्ष ठेवली होती. "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले होते की, या लेखनाच्या काळात आपल्या प्रकृतीची आशा डॉक्टरांनीही सोडली होती आणि विझू पाहणारी ती ज्योत पुन्हा प्रज्वलित झाली ती आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० साली छापली, तेव्हा ती लोकांपुढे आली. म्हणजे तेवीस वर्षे पतीने पत्नीसाठी लिहिलेले कृतज्ञतेचे शब्द समाजाने वाचलेच नाहीत. पुढे दलित पँथरच्या पिढीतले तरुण माईसाहेबांना सन्मानाने चळवळीत घेऊन आले. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर दिलेले भारतरत्न त्यांच्याच हाती सुपूर्द झाले. न्याय झाला, पण फार उशिरा झाला.

येथे आम्ही निष्पक्षपणे हेही सांगू इच्छितो की, माईसाहेबांचे पुस्तक हीच एकमेव साक्ष नव्हे. ज्यांच्यावर आरोप झाले त्यांनी लिहिलेल्या आठवणींत स्वतःची बाजू मांडणे आलेच. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांची टंकलेखनाची कामे करणारे नानकचंद रत्तू यांनीही पुढे आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि माईसाहेबांविषयीचे त्यांचे मत पुष्कळ निराळे व कठोर आहे. तथागतांनी कालामांना काय उपदेश केला, हे आपण जाणतोच. दोन्ही साक्षी वाचाव्यात, ताडून पाहाव्यात, पत्रे आणि तारखा तपासाव्यात आणि मग मत बनवावे. मात्र ताडून पाहण्यासाठी साक्ष असावी लागते. माईसाहेब गप्प राहत्या, तर दुसऱ्यांचे म्हणणे हेच सत्य ठरले असते. आम्हां डॉक्टरांनाही हाच अनुभव येतो. रोग्याची हकिकत घेताना एका नातेवाइकाचे सांगणे अपुरे असते. परंतु रोग्याच्या शेजारी रात्री जागलेल्या माणसाला न विचारता केलेले निदान बहुधा चुकते.

आपल्या स्त्रियांनी बोलावे, यासाठी मायदेशी मोलाचे काम झाले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक सिद्ध केले. त्या दोघी गेल्या नसत्या, तर त्या वृद्धांपैकी बऱ्याचजणींचे अनुभव त्यांच्याबरोबरच मातीला मिळाले असते. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली. त्या काही विद्यापीठाच्या पंडिता नव्हत्या. आपले जीवन सांगण्यासारखे आहे, एवढा विश्वास त्यांना होता आणि तो पुरेसा ठरला.

आता आपल्या गावाकडे, म्हणजे या अ‍ॅशबर्नकडे पाहू. दरवर्षी उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे येथे येतात. सकाळी जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या त्या लांब पायवाटेवर फिरताना दिसतात. दिवसभर मुले शाळेत, सूनबाई आणि चिरंजीव कचेरीत आणि घरात हे दोघे. कित्येक घरांत आता दोघांपैकी एकच उरले आहे. आपल्याभोवती मोठमोठ्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत आणि जगाची केवढी तरी माहिती त्या यंत्रांमधून वाहते आहे, असे आपली मुले सांगतात. त्या अफाट साठ्यात आपल्या आजीने सांगितलेल्या आजोबांच्या चार गोष्टी आहेत काय, एवढेच आम्ही विचारतो.

येथून जवळच, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, अमेरिकी सैनिकांच्या आठवणी जतन करण्याचा एक प्रकल्प आहे. २००० साली काँग्रेसने कायदा करून तो सुरू केला. मुलाखत किमान तीस मिनिटांची असावी, अशी त्यांची अपेक्षा. ती घेणारा पंडित असावा लागत नाही. शाळकरी मुलेही आपल्या आजोबांची मुलाखत घेतात. तो संग्रह अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्यांसाठी आहे. आपल्या सुभेदार-हवालदारांसाठी असे काम आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली अशी की, पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्रीची अर्ध्या तासाची मुलाखत घरच्याच नातवंडाने ध्वनिमुद्रित करावी. दुसरी अशी की, प्रश्न विचारताना केवळ "आजोबा कोणत्या लढाईत होते?" असे विचारू नये. "ते घरी आल्यावर काय करीत? कोणते गाणे गुणगुणत? त्यांना कशाचा राग येई? कोणती गोष्ट शिकायची राहून गेली?" असेही विचारावे. तिसरी अशी की, ज्या भगिनींना लिहिता येते त्यांनी तारीख घालून वहीत लिहावे आणि ज्यांना सांगणे जड जाते त्यांना घाई करू नये. वैद्यकीय अनुभवाने सांगतो, दुःख झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत बोलणे सुचत नाही. पण दिवंगत माणसाचे नाव घरात कोणी घेतच नाही, यासारखा दुसरा एकांतवास नाही. नाव घ्यावे, त्यांच्या आवडीची भाजी करावी, त्यांच्या हत्यारांची पेटी मुलांना उघडून दाखवावी. त्याने जखम चिघळत नाही.

येथून तासाभराच्या अंतरावर, मेरीलँडमधील अ‍ॅकोकीक येथे, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा एकोणीस फूट उंचीचा पुतळा उभा राहिला. आपली मुले त्याच्यापुढे उभी राहून मान वर करून पाहतात. त्याच मुलांच्या हाती माईसाहेबांचे पुस्तक द्या. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०२२ साली त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला आहे. एवढा उंच माणूस एके काळी व्हायोलिनचे सूर जुळवीत बसत होता, चुकत होता आणि पुन्हा वाजवीत होता, हे त्यांना कळू द्या. मग त्यांना आपल्या आजोबांच्या हार्मोनियमचीही किंमत कळेल.

 ज्या भगिनींनी आपले यजमान गमावले आहेत त्यांना आम्ही विनम्र अभिवादन करतो आणि त्यांच्या आठवणी पुढच्या स्मरणिकेत वाचावयास मिळोत, अशी सदिच्छा व्यक्त करून आमचे भाषण पूर्ण करतो.

नमो बुद्धाय! जयभीम!